मधली चार वर्षं काय केलंत?

मिरजकर | शनिवार, रात्री ९.४०

गेल्या मंगळवारी मुलाखतीला गेलो होतो. जागा मेंटेनन्सची, माझा अनुभव सोळा वर्षांचा. समोर दोघं बसले होते. बायोडेटा चाळता चाळता एकांनी मध्येच बोट ठेवलं. "२०२० नंतर एकदम कोरं दिसतंय. मधली चार वर्षं काय केलंत?"

सांगितलं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं. चार वर्षं घरी राहून त्यांचं सगळं मी केलं. त्यानंतर ते गेले.

"अरेरे," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मग शेजारच्यांना हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे चार वर्षं काम काही नाही," आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तसं लिहून ठेवलं.

ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून इथे लिहितोय.

त्या चार वर्षांतला एक दिवस सांगतो. पहाटे पाचला कूस बदलायची. मग तोंड पुसणं, अंग पुसणं, डायपर. सहाला नळीतून दूध. नाकातून पोटात गेलेली नळी होती, तिला पन्नास मिलीची सिरिंज लावून वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, दांडा दाबायचा नाही. आधी उशाकडची बाजू उचलायची, नंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न फुप्फुसात जायची भीती. दर तीन तासांनी हेच: नाचणीचं सत्त्व, भाताची पेज, वरण मिक्सरमधून काढून दोनदा गाळलेलं. मध्ये हातापायांचे व्यायाम, लघवीच्या पिशवीचं माप, कफ. रात्री अकरा, एक, तीन, पाच असे गजर, कारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी कातडी जाते. भिंतीवर मी तक्ता लावला होता, कारखान्यात यंत्राशेजारी लावतो तसा. वेळ, कोणती कूस, किती मिली आत, किती बाहेर, सही. सही माझीच, पण करायचो. त्याशिवाय चुकतं.

पहिले दोन महिने ब्युरोतून, म्हणजे रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेतून, माणसं घेतली होती. दिवसपाळीचे सातशे, रात्रपाळीचे आठशे. महिन्याला पंचेचाळीस हजार. माझा पगार हातात बेचाळीस हजार येत होता. मी नोकरी सोडली.

माझा प्रश्न एवढाच. त्या खोलीत, त्या पलंगापाशी, तीच सिरिंज हातात घेऊन ब्युरोच्या मावशी उभ्या होत्या तेव्हा ते काम होतं. त्याची पावती मिळायची. तिसऱ्या महिन्यापासून मी उभा राहिलो. मग ते काय झालं?

---

वॉर्ड_नंबर_सात | शनिवार, रात्री १०.१५

मी बावीस वर्षं नर्स आहे. त्यातली पंधरा सरकारी रुग्णालयात गेली. एक गोष्ट स्पष्ट विचारते: चार वर्षांत बेडसोअर किती झाले?

---

मिरजकर | शनिवार, रात्री १०.२२

एकही नाही. दुसऱ्या वर्षी एकदा डाव्या टाचेला लाली आली होती. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली, चार दिवसांत गेली.

---

वॉर्ड_नंबर_सात | शनिवार, रात्री १०.४०

मग हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते. बोलता न येणारा, नळीवरचा माणूस चार वर्षं अंथरुणाला खिळून राहतो आणि एकही जखम होत नाही, हे अतिदक्षता विभागातसुद्धा सहज जमत नाही. प्रशिक्षित हात लागतात, पाळ्या लागतात, आणि रात्री तीनला कोणीतरी खरंच उठावं लागतं.

आमच्या वॉर्डात राउंडला डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, "नातेवाईक कोण आहे?" बेडपॅन देणं, पाणी पाजणं, सलाइन संपत आलं की हाक मारणं, औषध आणायला पळणं, हे सगळं नातेवाईक करतात. बहुतेक वेळा आई, बायको, सून, मुलगी. साठ खाटांना रात्री आम्ही दोघी असायचो. वऱ्हांड्यात चटई टाकून बसलेल्या त्या बायका एक रात्र घरी गेल्या असत्या तर वॉर्ड बंद पडला असता. त्यांची नोंद कुठल्याच हजेरीपटात नाही. पासावर मात्र असते: "रुग्णासोबत एक व्यक्ती".

---

ठाम_मत | रविवार, सकाळी ८.०५

मिरजकर, तुम्ही जे केलंत त्याला नमस्कार. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते मी मांडणार.

मुलाखत घेणाऱ्याचा प्रश्न गैर नव्हता. त्याला यंत्रं चालू ठेवायचीत. चार वर्षांत ड्राइव्ह बदलले, पीएलसीचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं, सॉफ्टवेअर बदललं, तुमचा हात त्यात किती बसलाय हे त्याला कळायला हवं. "काम नाही" म्हणजे "या धंद्यातलं काम नाही". एवढाच अर्थ घ्या.

दुसरं, आणि माझ्यासाठी महत्त्वाचं. माझ्या आईनं माझ्या आजीचं नऊ वर्षं केलं. तिला कोणी "काम करतेस" म्हटलं असतं तर तिला लागलं असतं. आपल्या माणसाचं करणं हे काम म्हटलं की त्याला दर लागतो. दर लागला की घासाघीस आली, सुट्टी आली, "माझ्या पाळीत नाही" हे आलं. सगळ्याच गोष्टींना काम म्हणायला लागलो तर काम या शब्दाला काय उरतं आणि नात्याला काय उरतं?

---

आकडेमोड | रविवार, सकाळी ११.३०

मी सर्वेक्षणाच्या कामात होतो, निवृत्त आहे. सरकारी कागदावर काम कशाला म्हणतात ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मिरजकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आपल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात प्रत्येक माणसाला एक सांकेतिक अंक मिळतो. पगारी नोकर ३१. स्वतःचा धंदा ११. घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी हात लावणारा २१. फक्त घरकाम करणारा ९२. घरकामासोबत सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणारा किंवा घरच्यापुरतं शिवणटिपण करणारा ९३. यातला २१ "कामात आहे" असा मोजला जातो. त्याला दमडी मिळत नाही तरी. ९२ आणि ९३ श्रमशक्तीच्या बाहेर.

म्हणजे पैसा मिळतो की नाही ही कसोटी सरकारचीसुद्धा नाही, हे नीट लक्षात घ्या. मिरजकरांनी चुलत्याच्या किराणा दुकानात चार वर्षं फुकट पुड्या बांधल्या असत्या तर ते २१, कामकरी. वडिलांना नळीतून भरवलं म्हणून ९२.

रेषा अशी का आखली? जगभर राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी पद्धत आहे तिच्यात घरच्यासाठी वस्तू तयार केली तर ती उत्पादनात धरतात. घरच्या घरी सेवा दिली, म्हणजे रांधलं, धुतलं, भरवलं, तर धरत नाहीत. परसातली मेथी उत्पादन, तिची भाजी केली की नाही. हिशेबाच्या सोयीसाठी काढलेली रेघ आहे ती. पण आपण ती "काम" आणि "काम नाही" यांतली रेघ समजून बसलो.

२०१३ च्या ऑक्टोबरात जिनिव्हाला श्रमसांख्यिकी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिने हे सुधारलं. दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू बनवणं वा सेवा देणं म्हणजे काम, अशी व्याख्या केली. नोकरी-रोजगार हा त्यातला एक प्रकार. घरच्यासाठीचं काम, बिनपगारी शिकाऊ काम, स्वयंसेवेचं काम हे बाकीचे. कागदावर हा प्रश्न सुटलेला आहे. मुलाखतीच्या खोलीत पोचायचा आहे.

आता मोजमाप. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये वेळ-वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. ती सरासरी फक्त "केलं" असं सांगणाऱ्यांची. असं सांगणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. २०२४ च्या पाहणीत तेच आकडे २८९ आणि ८८ झाले. दोन्हींमधलं अंतर आधी २०२ मिनिटं होतं, पाच वर्षांनी २०१.

ठाम_मत यांच्यासाठी एक कसोटी देतो. मार्गारेट रीड नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ मध्ये मांडलेली. ती गोष्ट तुमच्याऐवजी तिसऱ्या माणसाला पैसे देऊन करून घेता येते का? येत असेल तर ते काम. तुमची झोप दुसरा झोपू शकत नाही. तुमच्या वडिलांची कूस दुसरा बदलू शकतो. मिरजकरांनी तर आधी पैसे देऊन करूनही घेतलं होतं.

---

उसाचं_रान | रविवार, दुपारी २.१०

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मी सातवीपर्यंत त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहिलो. वरचं सगळं वाचलं. पण पैसे मिळाले की काम दिसतं असं जे गृहीत धरलंय ते आमच्याकडं खरं नाही.

तोडीत हिशेब कोयत्याचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, पण मोजून हातात देतो ती नवऱ्याच्या. बाप ऊस तोडायचा. आई वाढं (उसाचे शेंडे) काढायची, मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची. गाडी रात्री आली तर रात्री. त्याच्या आधी पहाटे तीनला उठून भाकरी, पाणी, आम्हा तिघांचं. तिच्या नावावर आयुष्यात एक रुपया मजुरी लिहिली गेली नाही. लोक विचारायचे तेव्हा ती सांगायची, "मालक तोडीला जात्यात, मी संगं असते."

संगं असते. हे तिचं स्वतःचं वाक्य. म्हणून म्हणतो, दुसऱ्यांनी काम म्हणायच्या आधी करणाऱ्यानं म्हणायला पाहिजे. मिरजकर, तुम्ही त्या खोलीत काय शब्द वापरले? "घरी राहून" म्हणालात. तिथंच त्यांनी पेन्सिल उचलली.

---

पन्हाळ्याच्या_पायथ्याला | रविवार, दुपारी ४.५०

आमच्याकडे पैरा असतो. अजून आहे, कमी झालाय. भातलावणीला मी तुमच्या रानात एक दिवस, तुम्ही माझ्या रानात एक दिवस. कुठं याला सावड म्हणतात, कुठं वारंगुळा. पैशाचा संबंध नाही, वहीत नोंद नाही. पण कोणाचा किती पैरा फिटायचा राहिलाय हे गावात प्रत्येकाला तोंडपाठ असतं. माझे वडील गेले त्या वर्षी आमच्यावर तीन घरांचे पैरे होते. दिवस झाल्यावर चौदाव्या दिवशी आईनं मला चिखलात उतरवलं, म्हणाली, "पैरा ठेवून माणूस जात नाही."

इर्जिक वेगळी. एखाद्याचा बैल मेला, घरात आजारपण आलं, तर सगळा गाव औतं घेऊन त्याच्या रानात उतरायचा. परत काही मागायचं नाही, संध्याकाळचं जेवण तेवढं.

आमच्या भाषेत ही दोन्ही कामंच. "पैऱ्याला गेलाय" म्हणजे कामाला गेलाय. घरी बसलाय असं कोणी म्हणत नाही. आणि पैरा मोजला म्हणून शेजार तुटला असंही कधी पाहिलं नाही. उलट मोजल्यामुळं टिकला.

---

तळ्याकाठचा | रविवार, रात्री ८.२०

इर्जिकीचं वर्णन सुंदर आहे. पण आमच्या घरात "मोबदल्याशिवाय गावाचं काम" हे शब्द ऐकले की अंगावर काटा येतो. का ते सांगतो.

माझे पणजोबा वतनदार महार. वतन म्हणजे काय? सरकारी टपाल पायी पोचवायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, कोणाच्या घरी मयत झालं तर दहा कोस चालून सांगावा द्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं. दिवस-रात्र, उन्हात-पावसात, आणि घरचा कर्ता आजारी असेल तर पोरगा किंवा बाई. बदल्यात तुकडाभर जमीन आणि खळ्यावर मिळेल ते. याला गाव "हक्काची चाकरी" म्हणायचं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही वतनं कायद्यानं गेली १९५८ मध्ये. मध्ये तीस वर्षं. संविधानाच्या २३ व्या कलमात वेठबिगारीला बंदी आहे, ती उगाच नाही.

म्हणून माझा प्रश्न "हे काम आहे का" हा नाही. काम होतंच, गाव त्यावर चालत होतं. माझा प्रश्न: नाही म्हणता येत होतं का? पन्हाळ्याचे दादा पैऱ्याला नाही म्हणू शकत होते. लोक नाराज झाले असते, एवढंच. पणजोबांना नाही म्हणता येत नव्हतं. मिरजकर नोकरी सोडायची की नाही हे ठरवू शकले. ठाम_मत यांच्या आई? नऊ वर्षांत एकदा तरी त्यांनी "मला जमणार नाही" म्हटलं असतं तर घरात काय झालं असतं?

फुकट श्रमाचा गौरव करायच्या आधी हे विचारावं असं मला वाटतं.

---

ठाम_मत | रविवार, रात्री ९.३५

तळ्याकाठचा, तुमच्या प्रश्नावर दिवसभराचं जेवण अडकलं घशात. खरं उत्तर देतो. नाही म्हणता आलं नसतं. आजीच्या तिसऱ्या वर्षी आईचं पाठीचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे वाकू नका असं सांगितलं होतं. अकराव्या दिवशी ती आजीला उचलत होती. आम्ही तिघं भाऊ घरात होतो.

दर लावू नये हे माझं मत अजून कायम आहे. बाकीचं पुन्हा विचारात घेतो.

---

आशाची_लेक | सोमवार, सकाळी ७.१५

माझी आई आशा आहे. पूर्ण शब्द "आशा स्वयंसेविका". २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून हे पद आलं. साधारण हजार वस्तीमागे एक. स्वयंसेविका असल्यामुळे तिला पगार नाही, मोबदला आहे, बराचसा कामागणिक. बाळंतीण दवाखान्यात नेली त्याचे इतके, लसीकरण पूर्ण केलं त्याचे इतके. रात्री दोनला फोन येतो, ती टॉर्च घेऊन निघते. कोरोनात दारोदार तापमान मोजत फिरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला. त्या दिवशी आईनं टीव्हीपुढे बसून बातमी दोनदा पाहिली. मग मागच्या तीन महिन्यांचा मोबदला कधी येणार हे विचारायला तालुक्याला गेली.

"मदत", "सेवा", "स्वयंसेवा" हे शब्द चांगले आहेत, पण ते कोण वापरतंय ते पाहा. करणारी वापरते तेव्हा ती मोठी होते. करवून घेणारा वापरतो तेव्हा पैसे वाचतात. अंगणवाडीच्या ताईंनाही वर्षानुवर्षं "मानधन" म्हणूनच दिलं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, तेव्हा त्यांच्या कामाला पहिल्यांदा नोकरीसारखं काही वजन आलं.

---

काळा_कोट | सोमवार, सकाळी १०.५५

मी अपघात दाव्यांचं काम करतो. आमच्याकडे गृहिणीच्या श्रमाची किंमत रोज लावली जाते, पण ती गेल्यावर. १९८९ च्या मार्चमध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागली, त्यात अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरातल्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयानं जनगणनेतल्या वर्गवारीवर ताशेरे ओढले, कारण घरकाम करणाऱ्या बायका तिथे भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवल्या होत्या. २०२१ च्या जानेवारीतल्या निकालात तर वर आकडेमोड यांनी दिलेली २९९ आणि ९७ मिनिटं थेट उद्धृत आहेत.

एक अनुभव. साक्षीला उभ्या राहिलेल्या नवऱ्याला मी विचारतो, बायको दिवसभर काय करायची? बहुतेकांना तीन-चार गोष्टींच्या पुढे सांगता येत नाही. मग मी विचारतो, आता ते कोण करतं? तेव्हा यादी बाहेर येते, आणि बऱ्याचदा माणूस पिंजऱ्यातच रडतो.

---

नेकार_काठी | सोमवार, दुपारी १.४०

श्टुटगार्टहून. माझे आई-वडील नाशिकला, त्यांना धाकटा भाऊ सांभाळतो. मी पैसे पाठवते. नातेवाइकांत माझं नाव निघतं, "पोरगी परदेशातून सगळं बघते". बघतो तो. आईला डायलिसिसला आठवड्यातून तीनदा नेतो, चार-चार तास बाहेर बाकावर बसतो.

इथे जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे, माझ्या पगारातून कापला जातो. घरच्या माणसाला अमुक इतक्या मदतीची गरज आहे असं तपासून ठरलं, आणि तुम्ही आठवड्याला किमान दहा तास, दोन किंवा अधिक दिवसांत मिळून, त्याचं करत असाल, आणि नोकरी तीस तासांहून जास्त नसेल, तर तुमच्या म्हातारपणच्या पेन्शनचे हप्ते तो विमा भरतो. नातेवाइकांसाठी शुश्रूषेचे मोफत वर्गही असतात. शेजारच्या बाई पतीला सांभाळतात. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर ती वर्षं छापून येतात. कोरी नसतात.

ठाम_मत, त्यांच्या घरात दर लागल्यासारखं काही मला दिसलं नाही. दुपारी दोघं खिडकीत बसून कॉफी पितात.

---

माजघर | सोमवार, दुपारी ३.२५

मिरजकर, रागावू नका. तुमचा पहिला लेख मी तीनदा वाचला. तुम्ही नोकरी सोडलीत. मग घर कशावर चाललं? नाचणीचं सत्त्व कोणी केलं, वरण कोणी शिजवलं? "मिक्सरमधून काढून गाळलेलं" एवढंच आहे. करणारं माणूस त्या वाक्यात नाही.

दुसरं म्हणजे, तुम्हाला गावात "श्रावणबाळ" म्हटलं असेल. म्हणणारच. मी सासूबाईंचं सात वर्षं केलं, मला कोणी काही म्हटलं नाही. सुनेला त्यासाठी शब्दच नाही. सरकारची श्रावणबाळ योजनासुद्धा आहे, निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन देते, चांगली आहे. कावड खांद्यावर घेणाऱ्यासाठी मात्र योजना नाही, पुरुषासाठी नाही आणि बाईसाठीही नाही.

---

मिरजकर | सोमवार, रात्री १०.१०

सगळे प्रतिसाद वाचले. काही दोनदा.

माजघर, रागावलो नाही. उलट दुपारी वाचलं ते संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विचारलं कोणीतरी." ती पतपेढीत आहे. चार वर्षं घर तिच्या पगारावर चाललं. सकाळी पाचला मी कूस बदलायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. सत्त्व, पेज, वरण तिचं. रात्री एकचा गजर माझा, तीनचा पहिल्या वर्षी तिचा होता. मी झोपलो तर उठत नसे. भिंतीवरच्या तक्त्यात तिची सही कुठेही नाही. तो तक्ता मी केला होता. मंगळवारपासून मी दुसऱ्याच्या पेन्सिलीबद्दल बोलतोय आणि माझ्या तक्त्यातली तिची जागा कोरी ठेवली होती. "श्रावणबाळ" हेही खरं, म्हटलं गेलं, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं होतं.

उसाचं_रान, तुमचंही बरोबर. मी "घरी राहून" म्हणालो. "सांभाळलं" म्हणालो. काय केलं ते सांगितलंच नाही, कारण मलाही ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं.

ठाम_मत, तुमच्या एका मुद्द्यावर मी खूप विचार केला. आकडेमोड यांची कसोटी लावून पाहिली. भरवणं, कूस, नळी, पिशवी, हे ब्युरोला देता येत होतं, दिलंही होतं. ते काम. पण संध्याकाळी साडेसहाला वडिलांचा डावा हात मी हातात घेऊन बसायचो. तो हात चालायचा. रेडिओवर बातम्या लागायच्या आणि पावसाची बातमी आली की ते हात दाबायचे, कारण त्यांचं अर्धं आयुष्य रानात गेलं होतं. तो अर्धा तास दुसऱ्या कोणाला देता आला नसता. तो तक्त्यात मी कधी लिहिला नाही, आणि तो कोणी मोजावा असं मला वाटत नाही. बाकीचे साडेतेवीस तास मोजले म्हणून त्या अर्ध्या तासाला काही झालं नसतं. उलट ज्या दिवशी मी फार थकलेला असे त्या दिवशी तो बसणंच व्हायचं नाही.

मंगळवारची जागा मिळाली नाही. परवा दुसरीकडे जातोय. बायोडेटात आता असं लिहिलंय: "२०२० ते २०२४: अर्धांगवायूच्या रुग्णाची घरी पूर्णवेळ शुश्रूषा. नलिकाआहार, दर दोन तासांनी स्थितीबदल, दैनंदिन नोंदी. बेडसोअर शून्य." आणि खाली, ड्राइव्ह व पीएलसीचा नवा अभ्यासक्रम सुरू केला आहे, तेही. तो मुद्दा तुमचाच, मान्य आहे.

---

वॉर्ड_नंबर_सात | सोमवार, रात्री १०.३०

"स्थितीबदल" आणि "नोंदी" लिहिलंत ते छान. नलिकाआहाराच्या पुढे "चार वर्षांत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा प्रकार नाही" हेही लिहा, खरं असेल तर.

---

मिरजकर | सोमवार, रात्री १०.३४

एकदा झाला होता, पहिल्या महिन्यात. त्यामुळे लिहीत नाही.

---

नवी_सभासद_साखरवाडी | मंगळवार, रात्री १२.४८

माफ करा, विषय सोडून विचारतेय. शोधता शोधता हा धागा सापडला. आईला काल दवाखान्यातून घरी आणलं, नाकात नळी आहे, डावी बाजू गेलीय. दवाखान्यात दोनदा दाखवलं पण घरी आल्यावर हात थरथरतायत. कूस बदलताना उशा नेमक्या कुठे लावायच्या? आणि भरवताना ती खोकली तर काय करायचं? घरी मी एकटीच आहे.

---

मिरजकर | मंगळवार, रात्री १.०६

ताई, घाबरू नका, एकेक सांगतो. पूर्ण कुशीवर वळवू नका, त्यानं कंबरेच्या हाडावर भार येतो. थोडंसंच तिरकं करा, पाठीमागे लांब उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, पोटरीखाली एक. टाच गादीला टेकता कामा नये, खालून हात सरकवून बघा. गेलेला हात अंगाखाली अडकू देऊ नका, तो वेगळ्या उशीवर पुढे ठेवा. खेचू नका, चादरीसकट सरकवा.

भरवायच्या आधी नळीवरची खूण नाकाशी जिथे होती तिथेच आहे ना ते पाहा. तिथे पेननं बारीक रेघ करून ठेवा. डोक्याकडची बाजू चांगली उचला. खोकला आला, दम लागला, ओठ निळसर वाटले, तर लगेच सिरिंज खाली घ्या, नळी बंद करा, पुढचं काही देऊ नका. दम थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठा, वाट पाहू नका. खूण सरकलेली असेल तर स्वतः नळी आत ढकलू नका.

---

वॉर्ड_नंबर_सात | मंगळवार, रात्री १.१९

मी पण जागी आहे, रात्रपाळी. मिरजकरांनी सांगितलं ते बरोबर. दोन भर. कुठे लाली दिसली तर तिथे तेल चोळू नका, मालिश करू नका, फक्त भार काढा. आणि मध्ये भोक असलेली गोल रबरी उशी कोणी आणायला सांगितली तर आणू नका, तिनं कडेची कातडी दबते. सकाळी ज्या दवाखान्यातून आणलं तिथल्या सिस्टरना फोन करून नळी बदलायची तारीख लिहून घ्या.

---

नवी_सभासद_साखरवाडी | मंगळवार, रात्री १.४१

उशा लावल्या. टाच वर आहे. आईनं डोळे उघडून बघितलं. नळीवर रेघ केली.

---

मिरजकर | मंगळवार, रात्री १.४४

छान. आता तीनला उजवी कूस. वहीत वेळ लिहून ठेवा आणि पुढे तुमची सही करा. रात्री एकला आणि तीनला मी अजून जागा होतो, सवय गेलेली नाही. अडलं तर इथेच लिहा.